‘ए’ची हाक

हे तुम्हांला खरं वाटणार नाही. ज्याला वाटेल त्याला मी माझ्या पानातलं निम्मं भरीत देईन, आणि भरताच्या बाबतीत मी किती कंजूष आहे ते या मळ्यातल्या कुत्र्यालाही माहीत आहे. वांगी आत्ताच कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर पडलीत. सालं काळी होईपर्यंत तुम्हा बँकवाल्यांना दुसरं काही काम नाही. तेव्हा ऐका.

तो तिकडे लाकडी बडगीत मिरच्या-लसूण ठेचत बसलाय ना, मान खाली घालून, तो दिगंबर टोके. तुमच्या मॅनेजरचा सख्खा काका आणि आमच्या बँडचा बास गिटारवाला. गोष्ट त्याची आहे. स्वतःची गोष्ट ऐकताना माणूस चुळबुळ करतोच. तो मध्ये काही बोलला तर मनावर घेऊ नका.

"मी कुठे काय बोलतोय," दिगू म्हणतो. "तू चालू दे, मधू."

बँड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर लाल कोट आणि घोड्यावरचा नवरदेव आला असेल. तसला नव्हे. आमचा रॉक बँड. गिटार, ड्रम आणि मानेवर रुळणारे केस. त्र्याहत्तर साली भुसावळात असे दोन ग्रुप होते. ‘लूप लाईन’मध्ये मी आणि दिगू. ‘डबल हेडर’मध्ये ड्रमवर शमुवेल साळवे आणि गायला फिलोमिना मिस, ज्या पुढे शाळेत टीचर झाल्या आणि निम्म्या गावाला इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या. आम्ही एकमेकांचं तोंड बघत नव्हतो. साळवे समोरून दिसले की मी रस्ता ओलांडायचो, आणि रस्ता रेल्वे कॉलनीतला असल्यामुळे पलीकडे पुन्हा तेच भेटायचे.

माझी पहिली गिटार मी थर्ड क्लासच्या बाकाच्या फळीची केली होती. अँप एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने जोडून दिला होता, त्यातून अधूनमधून रेल्वेच्या कंट्रोलचा फोन ऐकू यायचा. एकदा मी डोळे मिटून सोलो वाजवत होतो आणि आतून खणखणीत आवाज आला, ‘डाउन मालगाडी दोन नंबरला घ्या.’ लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. आणि त्या सोलोवर खूश होऊन मालगाडीच्या ड्रायव्हरने हॉलच्या मागे गाडी उभी केली, चाळीस मिनिटं.

"सिग्नल लाल होता," दिगू म्हणतो.

बघा, बोललाच. असो. पुढे लग्नं झाली, पोरं झाली, केस गेले. ग्रुप मोडले. चाळीस वर्षं कुणी कुणाला वाजवताना पाहिलं नाही.

मग चौदा वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. नोव्हेंबरमध्ये आम्हा पेन्शनवाल्यांना बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत असं लिहून द्यावं लागतं, हे तुम्हांला मी काय सांगायचं, त्या खिडकीच्या आत तुम्हीच बसलेले असता. रांग बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत. साळवे माझ्या पुढे. दोन तास उभे राहून कंटाळले आणि लोखंडी कठड्यावर बोटांनी ठेका धरला. मला तो ठेका माहीत होता. त्याच ठेक्यावर त्यांनी आम्हांला एकदा हरवलं होतं. मी तोंडाने गिटार सुरू केली. मागून दिगूने घशातून बास धरला. पुढे पुढे आमचं भान सुटलं. बायकांच्या रांगेतून मला आवाज आला, "फेगडे, तुमची लय पळतेय." बघतो तर फिलोमिना टीचर, हातात फॉर्म, नाकावर चष्मा.

मागची एक बाई म्हणाली, "जिवंत आहात एवढं सांगायचं होतं हो, एवढा पुरावा नको होता."

पायऱ्यांवरच बँड ठरला. नावावरून मात्र पाऊण तास भांडलो. शेवटी साळवे म्हणाले, "आपण सगळे आता आउटरला उभे आहोत. स्टेशन समोर दिसतंय, पण आत कुणी घेत नाही. ‘आउटर’ ठेवा." ठेवलं. टीचरनी फक्त एक अट घातली. "मी गाईन. पण बेसूर चालवून घेणार नाही. साठीनंतर सूट मिळते ती रेल्वेच्या तिकिटात, सुरात नाही."

सराव साळव्यांच्या पिठाच्या गिरणीत. रविवारी गिरणी बंद असायची. साळव्यांनी पहिला ठोका दिला की आढ्यावरचं चाळीस शेर पीठ खाली यायचं. दोन गाण्यांत आम्ही चौघे भुतासारखे पांढरे. एकदा साळव्यांच्या बायको चहा घेऊन आल्या आणि कप कुणाला द्यायचा ते त्यांना कळेना, मग त्यांनी आवाज दिला, "माझा नवरा कोण ते हात वर करा." दोन हात वर झाले.

"एक," दिगू म्हणतो.

एक तर एक. जुनी इंग्रजी गाणी आम्ही आठवत आठवत वाजवायचो, पण जीव होता तो एका नव्या गाण्यात. टीचरनी लिहिलेलं, मराठीत. आउटरला थांबलेल्या गाडीत एक बाई खिडकीशी बसलीय, तिला आपलं घर दिसतंय, उतरता येत नाही, एवढंच. आणि त्याला ठेका असा की खुर्चीत बसलेला माणूस उभा राहील. त्या गाण्याला सुरांची दोन घरं होती. सुरुवात इंग्रजी ‘ई’ या सुरात, मध्ये ‘ए’मध्ये जायचं, परत ‘ई’ला यायचं. कधी जायचं ते टीचरच्या मर्जीवर. एखादी ओळ आवडली की त्या ती चारदा म्हणत. मग घर बदलायचं असलं की गाता गाता मोठ्याने सांगत. ‘ए’ म्हणाल्या की आम्ही सगळे ‘ए’मध्ये. ‘ई’ म्हणाल्या की परत घरी.

ही इंग्रजी शाळेतली व्यवस्था मराठी गावात चालायची नाही, हे आमच्या डोक्यात आलं नाही. ते आणून दिलं एका बाईने. डोक्यावर ज्वारीचा डबा, गिरणीच्या दारात येऊन ती ओरडली, "ए भाऊ, दळून मिळेल का?"

आणि दिगू ‘ए’मध्ये गेला.

आम्ही तिघे ‘ई’त, आणि हा पठ्ठ्या एकटाच ‘ए’मध्ये, डोळे मिटून, मान हलवत, आनंदात. साळवे हसून स्टुलावरून पडले. मीही हसलो. टीचर हसल्या नाहीत. त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं, आणि सगळे थांबले तरी दिगू वाजवत राहिला. साधारण दहा सेकंद. मग त्याने डोळे उघडले.

तुम्ही विचाराल, यात काय एवढं. तर चांगल्या कानाच्या माणसाला दोन गोष्टी ताबडतोब कळतात. एक, ती हाक टीचरची नाही, दळणवाल्या बाईची आहे. दोन, आपण भलत्या घरात शिरलोय. दिगूला दोन्ही कळल्या नाहीत. त्याचे कान गेले होते. रेल्वेच्या शेडमध्ये गेले. तीस वर्षं डिझेल इंजिनाच्या पोटात डोकं घालून काम केल्यावर कानात काय उरणार? शब्द सगळे गोधडीच्या आतून आल्यासारखे. त्यातून तेवढी ‘ए’ बाहेर पडायची. आणि ‘ई’. स्वर कळायचे, व्यंजनं नाहीत. त्याने ते घरीदारी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रश्न विचारला की हसायचा, आणि बहुतेक प्रश्नांना हसणं चालतं.

मग वाजवायचा कसा? ते मी तुम्हांला सांगतो. चप्पल काढून उभा राहायचा. साळव्यांचा मोठा ड्रम जमिनीतून तळपायात येतो आणि पोटरीपर्यंत चढतो, तेवढ्यावर लय सापडते. हनुवटी गिटारच्या लाकडाला लावली की स्वतःचा सूर दातांत कळतो. बाकीच्यांचे सूर कळत नाहीत, ते आठवायचे. चाळीस वर्षांपूर्वीचं सगळं आठवत असतं, त्यामुळे बरंच निभतं. नवं गाणं मात्र आठवता येत नाही.

बडगीतला आवाज थांबलाय. दिगू माझ्याकडे बघतोय. बघू दे. आता त्याने कानात मशीन बसवलंय, म्हणून मध्ये मध्ये बोलतो. तेव्हा नव्हतं.

"हं," दिगू म्हणतो. "पुढे?"

पुढे काय, लाल क्लबचा हॉल ठरला. गोऱ्या साहेबांचा जुना नाचघराचा हॉल, आता तिथे साखरपुडे होतात. जानेवारीचा दुसरा रविवार, संध्याकाळी पाच. त्याच्या तीन आठवडे आधीची गोष्ट. टीचरच्या घरी व्हरांडा आहे, पुढे जाळीचं दार. दुपारी चारची वेळ. तिथे बसून दिगूचा निकाल लागला. टीचर, साळवे आणि मी. दिगूला बोलावलं नव्हतं.

टीचर कशा बोलायच्या ते सांगायला हवं. पस्तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून त्यांना सवय झाली होती, एकेक अक्षर ओठांवर वेगळं मांडायची. रस्त्याच्या पलीकडे उभ्या माणसालाही कळावं.

त्या म्हणाल्या, "त्याला ऐकू येत नाही."

"थोडं येतं," मी म्हणालो.

"थोडं ऐकू येणारा माणूस आरतीला चालतो. जळगावला एक जण आहे, ऑर्केस्ट्रात वाजवतो. मी त्याच्याशी बोललेय."

साळवे सुपारी कातरत होते. ते थांबले. "टीचर, त्याला काढल्यावर तो काय करेल हो?"

"घरी राहील. आपण सगळेच घरी राहतो."

"आपल्याला घरी कुणीतरी ओरडतं, ते ऐकू येतं. त्याची बायको गेली, पोरगा पुण्याला. लोक त्याच्याशी बोलायचे कमी झालेत, तेच तेच दोनदा सांगावं लागतं म्हणून. आठवड्यात तो माणसांत असतो तो रविवारी, तीन तास. बाकी वेळ तो आउटरलाच उभा आहे."

टीचरनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "कार्यक्रम होऊ दे. पण एक चूक झाली, शमुवेल, एकच, तर सोमवारी मी त्याच्या घरी जाईन आणि सांगेन. मीच सांगेन. तुम्ही कुणी बोलायचं नाही. आणि आजचं हे त्याला कळता कामा नये."

असा तो करार. त्यानंतरच्या सरावांना दिगू टीचरच्या अगदी समोर उभा राहायला लागला. लोकांकडे पाठ झाली तरी चालेल, पण त्यांचं तोंड दिसलं पाहिजे. का, ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

आणि रविवार आला. लाल क्लबात पाय ठेवायला जागा नाही. चारशे माणूस.

"एकशे दहा," दिगू म्हणतो. "दारात तिकिटं मी फाडली होती."

एकशे दहा, पण चारशेंसारखी बसलेली. निम्मी टीचरची मुलं, म्हणजे पन्नास-पन्नास वर्षांची मुलं, त्यामुळे टीचर स्टेजवर आल्याबरोबर सगळी उभी राहिली आणि ‘गुड इव्हिनिंग टीचर’ म्हणून खाली बसली. जुनी गाणी झकास गेली. साळव्यांनी एक काठी मोडली. मग टीचरनी कपाळावरचा घाम पुसला आणि नवं गाणं सुरू केलं.

पहिल्या रांगेत निवृत्त गार्ड पाचपांडे बसले होते. तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यातून इंजिनापर्यंत आवाज पोचवलेला माणूस. जानेवारी असून हॉलमध्ये उकडत होतं. टीचर ओळीच्या मध्यावर होत्या, घर दिसतंय, घर दिसतंय, आणि त्यांनी नेमका पंख्याखालच्या अंधारात चेहरा वळवला. त्याच क्षणी पाचपांड्यांनी भिंतीजवळच्या माणसाला हाक मारली.

"एऽऽ, पंखा लाव की."

दिगू ‘ए’मध्ये गेला.

एक रूळ, दोन गाड्या. तुम्ही तो आवाज ऐकला नाहीत हे बरं झालं. साळव्यांचा चेहरा पीठ न लावता पांढरा झाला. मी टीचरकडे पाहिलं. टीचर दिगूकडे बघत होत्या. एक चूक, एकच, आणि ती झाली होती, एकशे दहा माणसांसमोर. सोमवार त्यांच्या हातात होता.

त्यांनी चालू ओळ तशीच उचलली आणि ‘ए’मध्ये नेऊन ठेवली. चालता चालता पदर खांद्यावर घ्यावा, इतक्या सहज. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. त्यांच्या मागोमाग दुसरी गिटार गेली. दांड्यावरून बोटं सरसर पाच पडदे पुढे सरकली. साळव्यांना घर बदलायचं नसतं, त्यांनी वरून झांज दिली, जणू हे असंच बसवलेलं होतं. दोन सेकंद लागले असतील सगळ्याला. दिगूच्या अंगावरून काही गेलंय हेच लोकांना कळलं नाही.

पण पाचपांडे थांबायला तयार नव्हते. पंखा फार जोरात झाला. टीचरनी गाणं कसंबसं ‘ई’ला आणलं, तोच, "ए, जरा कमी कर." सगळे ‘ए’मध्ये. मग कमी फार झाला. सगळे परत. मागच्या रांगेतल्या टवाळांना गंमत कळली, तेही ‘ए’ करायला लागले. चौदा वेळा गाणं फिरलं. टीचर गातायत की गाडी शंटिंग करतेय तेच कळेना.

"तीन वेळा," दिगू म्हणतो.

आणि संपायचं कसं, हा प्रश्नच होता. आम्ही ‘ए’मध्ये अडकलेलो. गाणं ‘ई’ला संपलं नाही तर संपल्यासारखं वाटणार नाही. टीचर ओरडल्या ‘ई’, तर टाळ्यांमध्ये ती कुणालाच पोचली नाही. आणि तेव्हा छतावरून एक झुरळ, चांगलं बोटभर, दुसऱ्या रांगेत पडलं. तिथे महिला मंडळ बसलं होतं. पंचवीस बायका एका आवाजात, एका सुरात म्हणाल्या, "ईऽऽऽ."

दिगू ‘ई’मध्ये आला, मागून टीचर, मागून बाकीचे, आणि साळव्यांनी शेवटचा ठोका दिला. लोक खुर्च्यांवर उभे. काही टाळ्यांसाठी, काही झुरळासाठी.

सोमवारी टीचर त्याच्या घरी गेल्या. खिडकीतून त्याने त्यांना फाटक उघडताना पाहिलं. तो आत गेला. गिटार पुसली, पिशवीत घातली, चेन लावली आणि पिशवी दाराशी आणून उभी केली. म्हणजे त्यांना फार बोलावं लागू नये. टीचरनी आधी पिशवीकडे पाहिलं.

"ही कुठे निघाली?"

"तारा बदलायच्या आहेत," तो म्हणाला.

"बदला. रविवारी वेळेवर या." त्यांनी हातातला केकचा डबा टेबलावर ठेवला. जाता जाता दारात वळल्या आणि नीट त्याच्याकडे तोंड करून म्हणाल्या, "काल गाणं छान झालं. मी बसवलं होतं त्याहून छान."

जळगावच्या माणसाला कुणी बोलावलं नाही. ‘आउटर’ नऊ वर्षं वाजला. दोन वर्षांपूर्वी टीचर गेल्या, साळवे आता नागपूरला मुलाकडे असतात. पण त्या नऊ वर्षांत आमच्यापैकी कुणी एका शब्दाने दिगूला काही सांगितलं नाही. ना व्हरांड्यातलं, ना त्या दोन सेकंदांचं. त्याला आजही वाटतं की त्या दिवशी आपण बरोबर वाजवलं. असं सांभाळून घेतलं आम्ही त्याला. आता सांगा, खरं वाटतं का?

वांगी सोला रे कुणीतरी, जळतायत ती.

दिगूने बडगी बाजूला सारलीय. हात पंच्याला पुसतोय. तुम्ही सगळे हसायचे का थांबलात?

"मधू," तो म्हणतो, "मी जन्मभर तिकिटाच्या खिडकीत बसलो. शेडमध्ये तू होतास. बहिरा तू होतास. आणि त्या दिवशी व्हरांड्यात टीचर, साळवे आणि मी, आम्ही तिघंच होतो. तुला आम्ही आजवर काही बोललो नाही." तो माझ्या कानातल्या मशीनकडे बघतो. "म्हणजे रस्त्यापलीकडून तू टीचरचे ओठ वाचलेस. तुला पहिल्यापासून सगळं माहीत होतं."